भुशाच्या कांड्या

माझी लेक आठव्या महिन्यात झाली, पावणेदोन किलोची. आमच्याकडं म्हणतात, सातव्याचं मूल जगतं आणि आठव्याचं जगत नाही. का ते विचारू नका. मी त्या हिवाळ्यात भेटेल तिला विचारलं आणि एकीलाही सांगता आलं नाही. पण बघायला येणारी प्रत्येक बाई दारात चप्पल काढता काढता हे वाक्य टाकूनच आत यायची, आणि वर पुन्हा "देव हाय" म्हणून उसासा सोडायची. मी मुळातच तापट. एका मावशींना मी पडल्या पडल्या विचारलं, तुम्ही कितव्याच्या ते आधी सांगा. त्यानंतर आईनं दोन दिवस कुणाला माझ्या खोलीत पाठवलं नाही. बाळंतिणीला झोप लागलीय, असं ती बाहेरच्या बाहेर सांगायची.

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. माझं सासर नगरला, माहेर राहुरीपासून दोन कोसांवर, कालव्याच्या अंगाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी सातवा संपता संपता आले आणि पंधरा दिवसांत बाळंत झाले. पौष चालू होता. कालवा वाहता, भोवती सगळा ऊस, त्यामुळं थंडी नुसती पडायची नाही, अंगात मुरायची. राहुरीच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवून घेतलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट तीन वेळा बजावली. अडीच किलोची होईपर्यंत हिचं अंग गार पडू द्यायचं नाही. गार पडली की ती दूध ओढायची सोडून देईल, आणि मग अवघड आहे. दर आठवड्याला उपकेंद्राच्या सिस्टर घरी येऊन वजन करतील, असंही त्यांनी सांगितलं.

बस्स, त्या दिवसापासून आमच्या घरात एकच काम उरलं. आईनं शेणसडा, भाजी, पाहुणेरावळे सगळं मागं टाकलं. सकाळी उठल्यावर घरातला प्रत्येक माणूस आधी त्या पोरीच्या तळपायाला हात लावून बघायचा.

प्रत्येक म्हणजे दादा सोडून. दादा म्हणजे माझे वडील. ते राहुरीच्या एका लाकडाच्या वखारीत कापायच्या मशीनवर कामाला होते. मोजकं बोलायचे. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं, मशीननं खाल्लेलं, त्याबद्दलसुद्धा ते कधी काही बोलले नाहीत. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणूस दहा दिवस जात नाही, ते ठीक. पण दहाचे पंधरा झाले तरी हा माणूस उंबऱ्याशीच उभा. तिथूनच मान लांब करून बघायचे आणि आईला विचारायचे, पाय गरम हायेत का? आई म्हणायची, बघा की आत येऊन. ते वळून निघून जायचे.

पण ऊब आणायचं काम त्यांनी न सांगता स्वतःकडं घेतलं. आधी दोनशेचा बल्ब आणून खाटेवर टांगला. पोरगी त्याखाली दिवसभर मजेत झोपली, आणि संध्याकाळी लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी आली. मग आईनं आपली रीतीची शेगडी काढली. बाळंतिणीला शेक द्यायला खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवतात, त्यावर ओवा-शेपा टाकतात, ते आमच्याकडं पूर्वापार आहेच. पण त्या वर्षी मिळालेला कोळसा बाभळीचा होता आणि ओलसर. तो असा तडतडायचा की विचारू नका. तिसऱ्या दिवशी एक ठिणगी उडाली आणि पोरीच्या पायापासून वीतभर अंतरावर दुपट्याला भोक पडलं. मी जे ओरडले ते म्हणे कालव्यापलीकडं ऐकू गेलं. मग गोवऱ्या लावून बघितल्या, तर धुरानं पोरगी शिंकून शिंकून लाल झाली. पहिल्या आठवड्याला सिस्टर आल्या, झोळीच्या काट्याला पोरीला लावलं. काटा होता तिथंच. पावणेदोन.

सिस्टर गेल्यावर दादा बराच वेळ ओसरीवर बसून होते. आमच्याकडं भुसा मुबलक. वखारीतून पोत्यानं यायचा आणि आई भुशाच्या शेगडीवरच स्वयंपाक करायची. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालच्या भोकातून पेटवायचं. शेगडी झकास चालते, पण मध्येच भुसा ढासळला की भपकन जाळ होतो. ती काही बाळाच्या खाटेखाली ठेवता येत नाही. दादांच्या डोक्यात आलं, की हाच भुसा दाबून घट्ट केला तर? म्हणजे ठिणगी नाही, भपका नाही, सावकाश जळेल आणि निखारा टिकेल. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आई बाजाराला गेल्यावर त्यांनी फडताळातून तिचा पितळी सोऱ्या काढला.

आता आईच्या सोऱ्याबद्दल सांगायलाच हवं. तो तिच्या लग्नातला. दिवाळीच्या चकल्या आणि शेव सोडून त्यात कधी काही गेलं नव्हतं. दरवर्षी चिंच लावून घासून ती तो जुन्या धोतरात गुंडाळून ठेवायची. त्यात दादांनी ओला भुसा भरला, जाड शेवेची चकती लावली आणि दांडा फिरवून पत्र्याच्या तुकड्यावर कांड्या पाडल्या. मला खाटेवरून दारातनं सगळं दिसत होतं. मी त्यांना म्हटलं, दादा, आई आली म्हणजे तुमचीच चकली पाडंल. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नुसत्या पाण्यानं कांड्या काही धरेनात, वाळल्या की भुगा. तेव्हा चिकटायला काहीतरी हवं म्हणून ते उठले आणि पलीकडच्या गुऱ्हाळावरून बादलीभर मळी घेऊन आले. उसाचा रस उकळताना वर जो काळपट फेस येतो, ती मळी. ती घालून कांड्या अशा बेतशीर पडल्या की दादा स्वतःशीच हसले. त्यांना हसताना बघायचं म्हणजे वर्षातनं एकदा.

आई बाजारातून आली. तिनं सोऱ्या बघितला, मळी बघितली, पत्र्यावरच्या कांड्या बघितल्या. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. ती एवढंच म्हणाली, की यंदा दिवाळीला भुशाच्या चकल्या खावा, आणि दादांशी बोलणं बंद केलं. चांगलं दोन दिवस. काही सांगायचं असलं की मला सांगायची, तुझ्या बापाला म्हणावं ताट वाढलंय. बाप समोरच बसलेला.

दोन दिवसांनी कांड्या वाळल्या. दादांनी अंगणात शेगडी पेटवली, धूर जाऊ दिला आणि लाल निखारा झाल्यावर उंबऱ्यात आणून ठेवली. आईनं ती आत घेतली. ठिणगी नाही, तडतड नाही. खोलीत काकवी उकळल्यासारखा गोड वास पसरला आणि मला वाटलं, जिंकलो. दुपारी मुंग्या आल्या. मळीच्या कांड्या ओसरीत पोत्यात भरून ठेवलेल्या, तिथून जी रांग निघाली ती भिंतीनं, दारानं, खाटेच्या पायानं थेट दुपट्यापर्यंत. आई हळद घेऊन धावली, मी पोरीला छातीशी धरून खाटेवर उभी, आणि दादा उंबऱ्याबाहेरून खराट्यानं मुंग्या झाडतायत. शेवटी खाटेचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले तेव्हा कुठं निभावलं. त्या गडबडीत आई दादांशी बोलली, म्हणजे बोलून बसली. जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मळी गेली, शेण आलं. भुसा तीन वाटे, शेण एक वाटा, मळून, सोऱ्यातून पाडून, पत्र्यावर उन्हात. या कांड्या मात्र खरंच नामी निघाल्या. बोटाएवढ्या, वाळल्यावर खडखड वाजणाऱ्या. धूर गोवरीच्या पाव हिश्शानंही नाही आणि शेगडीभर निखारा तीन-तीन तास टिकायचा. आई हातात एक कांडी घेऊन उलटसुलट बघत राहिली. मग म्हणाली, इतका उपद्व्याप करून शेवटी गोवरीच केली म्हणायची. दादा संध्याकाळी वखारीतून येताना बाभळीच्या लाकडाचा नवा दणकट साचा करून घेऊन आले आणि आईचा सोऱ्या घासून परत फडताळात ठेवला. आईनं तो बाहेर काढून पुन्हा घासला.

मग आठ-दहा दिवस आमच्याकडं इतकं छान चाललं होतं की मला आजही ते दिवस आठवले की बरं वाटतं. सकाळी दादा अंगणात साचा घेऊन बसायचे, कांड्या पाडायचे, मग सायकलवर वखारीत. बंबातही त्याच कांड्या. पाणी असं कढत व्हायचं की आई मला न्हाऊ घालताना मी ओरडायची आणि ती म्हणायची, वरड, वरड, अंग मोकळं हुतंय. आळीतल्या बाया चौकशीला यायला लागल्या, आणि आता आठव्या महिन्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. सगळ्यांना कांड्या हव्या होत्या. दादा पसापसा द्यायचे, आणि त्यांच्या चालण्यात फरक पडला होता. दुसऱ्या आठवड्याला काटा दोन किलोला जरासा कमी राहिला. दादा उंबऱ्यावरून म्हणाले, वाढतीय. इतकंच.

आणि मग आम्ही गाढवपणा केला. सगळ्यांनी मिळून केला, एकट्या दादांचा नव्हता. थंडी वाढली, वारा सुटला. बाळंतिणीला वारा लागू नये हे तर आईच्या रक्तातच. तिनं खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, दाराखाली गोणपाट कोंबलं. दादांनी एकाच्या दोन शेगड्या केल्या. धूर तर नव्हताच, मग काळजी कसली? मला सकाळपासून डोकं जड वाटत होतं, उमासे येत होते. मी म्हटलं, डिंकाचा लाडू बाधला असेल. पोरगी दूध प्यायला उठेना. आई म्हणाली, उबेला गुंगलीय, झोपू दे.

नशीब, तो वजनाचा वार होता. सिस्टर अकराच्या सुमाराला आल्या. त्यांनी दार उघडलं, आतली हवा तोंडावर घेतली आणि पिशवी तिथंच टाकून आधी पोरीला उचलून अंगणात नेलं. मला दंडाला धरून बाहेर ओढलं. दोन्ही शेगड्या पायानं अंगणात ढकलल्या. अंगणात आल्यावर पोरगी पाच-सात मिनिटांनी रडली. ती पाच-सात मिनिटं मी पुन्हा कधी कुणाला सांगितलेली नाहीत आणि इथंही सांगत नाही.

मग सिस्टरनी आम्हाला झोडपलं. निखाऱ्याला धूर नसला तरी तो हवा खातो आणि विषारी हवा सोडतो, डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही, बंद खोलीत माणूस झोपेतल्या झोपेत जातो. तुम्ही काय पोरीला ऊब देत होता की निरोप, असं त्यांनी विचारलं. आई पदर तोंडाला लावून उभी होती. दादा त्या दिवशी उशिरा निघणार होते, ते साचा हातात धरून अंगणात उभे होते. त्यांनी तो खाली ठेवला आणि जेवायला येईपर्यंत दिसले नाहीत. मागाहून कळलं, कालव्याच्या कडेला जाऊन बसले होते.

काट्यावर वजन मागच्याइतकंच. सिस्टरनी खिडकी उघडी ठेवायला लावली, शेगडी खोलीतून कायमची हद्दपार केली आणि मला म्हणाल्या, तू काय शेगडीपेक्षा गार आहेस का? पोरीचं अंगडं काढ, तुझी चोळी सोड आणि तिला उघडी छातीवर ठेव, वरून पांघर. दिवसभर अशीच राहा. आई म्हणाली, अशी उघडी? सिस्टर म्हणाल्या, मग कोंबडी अंगडं घालून अंड्यावर बसते का? मला ती बाई त्या क्षणापासून आवडायला लागली.

मी तसं केलं. भुशाच्या कांड्या बंबाकडं गेल्या, पाण्याला आणि स्वयंपाकाला. पोरगी माझ्या छातीवर. सुरुवातीला मला फार अवघडल्यासारखं झालं, मग सवय झाली, आणि मग तर मला तिच्याशिवाय गारठायला व्हायचं. पुढच्या वजनाला सव्वादोन भरली. आता अडीचला पावशेर उरलं होतं.

आणि तेवढ्यात माझं थान सुजलं. ताप असा भरला की दात वाजायचे. सिस्टरनी गोळ्या दिल्या, दूध पाजत राहा म्हणाल्या, पण मधल्या वेळात पोरीला दुसऱ्या कुणाच्या तरी छातीवर ठेवावं लागेल. मी हुडहुडीनं अशी हलत होते की ती माझ्यावर टिकायचीच नाही. आईला पंधरा दिवस खोकला, तिला सिस्टरनी जवळ येऊ दिलं नाही. नवरा नगरला, रविवारी येणारा. सिस्टरनी खोलीभर बघितलं आणि मग उंबऱ्याकडं बघितलं.

दादा दोन पावलं मागं सरले. त्यांचं म्हणणं, हे बाईमाणसाचं काम आहे. शिवाय वखारीत जायचंय. शिवाय त्यांचे हात खरबरीत आहेत, पोरीला ओरखडे उठतील. शेगड्यांचा तो प्रकार झाल्यापासून त्यांनी पोरीकडं नीट बघितलंही नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, हातांचं काम नाही, छातीचं आहे. दादांनी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "व्हा आत."

तरण्या लेकीसमोर बापानं बंडी काढायची, हे आमच्या घरात कधी झालेलं नव्हतं. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि मी दुसऱ्या भिंतीकडं. सिस्टरनी त्यांना पाटावर भिंतीला टेकून बसवलं, पोरीला त्यांच्या छातीवर बेडकासारखं पालथं ठेवलं, वरून आईच्या जुन्या लुगड्यानं बांधलं आणि घोंगडी टाकली. दादा लाकडासारखे ताठ. श्वाससुद्धा घेईनात. सिस्टर म्हणाल्या, "घ्या की श्वास. तिला बी तुमचं ऐकूनच घ्यायचाय."

चार दिवस दादा वखारीत गेले नाहीत. सकाळी बंब पेटवून द्यायचे, हातपाय धुवायचे आणि येऊन बसायचे. मी पाजलं की पोरगी त्यांच्याकडं. पहिल्या दिवशी ते छताकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी तिच्या टाळूकडं. तिसऱ्या दिवशी मी तापातून डोळे उघडले तर ते तिला हळू आवाजात कुठलं लाकूड कशाला चालतं ते सांगत होते. लिंबाचं वाळवीला धार्जिणं नाही. बाभळीचं चाकाला. आंब्याचं खोक्यांना. मी डोळे मिटून पडून राहिले आणि सागापर्यंत सगळं ऐकलं.

पाचव्या दिवशी सिस्टर काटा घेऊन आल्या. माझा ताप उतरायला लागला होता. पोरीला झोळीत घातलं, काटा हलला, थांबला. अडीच, आणि वर थोडंसं. आई तिथंच मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मीही रडले, लपवत कशाला. सिस्टर म्हणाल्या, आता काही छातीवर धरून बसायची गरज नाही, अंगडं घालून खाटेवर ठेवा. दादांनी दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाले, राहू द्या आजच्या दिवस.

सिस्टर गेल्या. आई दारात मेथी निवडत बसली. माघ लागला होता, उघड्या खिडकीतून ऊन खाटेपर्यंत आलं होतं. दादांनी माझ्याकडं न बघता, नुसती हनुवटी माझ्या खाटेकडं करून आईला विचारलं, "ही झाली तव्हा केवढी हुती गं?"

आई म्हणाली, चांगली दांडगी हुती. मग मेथीवरची नजर न काढता तिनं सांगितलं, की तुमच्या वडलांसमोर बापानं लेकराला घ्यायची रीत नव्हती, तुम्ही सव्वा महिना ओसरीवर झोपलात, आणि रीत संपल्यावरही कधी आत आला नाहीत.

घोंगडीखाली पोरगी हलली, त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ते माझ्याशी बोलले.

"मला वाटायचं, लागंल ते आणून टाकलं की झालं. तुला म्या कधी घेतलंच न्हाई."

मी पंचविशीची बाई, एका लेकराची आई, नुसती बघत राहिले. दादांनी एका हातानं पोरीला सावरलं, दुसरा हात खाटेपर्यंत लांबवला, माझ्या पायाशी घसरलेली गोधडी त्या अर्ध्या बोटाच्या हातानं ओढून माझ्या खांद्यापर्यंत आणली आणि नीट खोचली. ऊन चांगलं वर आलं होतं, ताप उतरताना मला दरदरून घाम फुटला होता. तरी ती गोधडी मी संध्याकाळपर्यंत अंगावरून काढली नाही.